बैठे काम आणि शाळेची घंटा

(केंद्रातील शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘बैठक’ हा शब्द मराठी भाषेत मोठ्या मानाचा आहे. विद्वानाच्या विचाराला बैठक असते, गवयाच्या गाण्याची बैठक होते, आणि कचेरीतील जो कारकून सकाळी जागेवर बसला की सायंकाळपर्यंत हलत नाही, त्याच्याविषयी ‘बैठक मारून काम करणारा मनुष्य’ असे वरिष्ठ कौतुकाने बोलतात. उलट, ज्या मुलाचा पाय एका जागी ठरत नाही त्याला वर्गात बोलणी खावी लागतात. ‘साहेब जागेवर नाहीत’ ह्या वाक्याचा अर्थ साहेब काम करीत नाहीत असाच सर्वत्र घेतला जातो. बसणे म्हणजे काम आणि उठणे म्हणजे कामचुकारपणा हे समीकरण समाजाच्या मनात इतके खोल रुजले आहे की, ह्या अखंड बसण्यानेच शरीर गंजत जाते असे कोणी सांगितले, तर ते प्रथमदर्शनी खरेही वाटत नाही.

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. शिक्षकाचा व्यवसाय मुळात उभ्याचा. फळ्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत आणि वर्गापासून अंगणापर्यंत त्याच्या दिवसभर खेपा चालू असतात. दोन इयत्ता एकाच खोलीत असल्या तर विचारावयासच नको. परंतु शिक्षकाच्या दिवसाचा दुसराही एक भाग आहे, आणि तो वर्षानुवर्षे वाढत चालला आहे. हजेरीपट, पोषण आहाराचा दैनंदिन हिशेब, दाखल-खारीज नोंदवही, शिष्यवृत्तीचे अर्ज, चाचण्यांचे गुणतक्ते, संगणकावर भरावयाची प्रत्येक मुलाची माहिती, हे सारे काम खुर्चीवरचे आहे. ‘माहिती आजच पाठवावी’ असा निरोप आला की मुख्याध्यापक तीन-तीन तास मेजापासून दूर होत नाहीत. सत्राअखेरीस निकालपत्रकांच्या दिवसांत तर शिक्षकाचा दिवस आणि पंचायत समितीच्या कचेरीतील लिपिकाचा दिवस ह्यांत फारसे अंतर उरत नाही. पूर्वी शाळेच्या गावीच राहणारा शिक्षक आता पुष्कळ ठिकाणी तालुक्याच्या गावाहून ये-जा करतो. तो प्रवासही बसूनच होतो.

लेखणीच्या कामाची ही व्यथा नवी नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्याने कारागिरांच्या व्यवसायांतून उद्भवणाऱ्या रोगांवर १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत लेखनिकांवर एक स्वतंत्र प्रकरण घातले. लेखनिकाच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली: सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने होणारी अविरत हालचाल, आणि पानावर चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. शंभरावर मुलांचे गुणतक्ते एका बैठकीत भरणाऱ्या शिक्षकाला ही तीन कारणे समजावून सांगावी लागणार नाहीत. रामाझ्झिनीने बैठे काम करणाऱ्यांना उपाय सुचविला तो मात्र असा की, त्यांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करावा. सहा दिवसांचे कर्ज सातव्या दिवशी फेडावे, असा तो हिशेब होता. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ ह्या हिशेबाची कोणी नीट तपासणी केली नाही.

ती तपासणी लंडनच्या बसगाडीत सुरू झाली. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर इंग्लंडात हृदयविकाराने दगावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या झपाट्याने वाढू लागली होती, आणि तिचे कारण कोणालाच उलगडत नव्हते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांसह ह्या प्रश्नाकडे धंद्यांच्या बाजूने पाहावयाचे ठरविले. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाच्या व मृत्यूच्या नोंदी त्यांनी अभ्यासिल्या, आणि १९५३ मध्ये त्यांचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ह्या अभ्यासाची खुबी अशी की, तुलना करण्याजोगी दोन माणसे एकाच गाडीत होती. लंडनची बस दुमजली. मुंबईत १९३७ पासून धावत आलेली दुमजली बस ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र सहज उभे राहील. चालक आपल्या जागेवर बसलेला. कामाच्या वेळेपैकी सुमारे नऊ दशांश वेळ त्याचा बसण्यात जाई. वाहक तिकिटे देत वरच्या मजल्यावर चढे, खाली उतरे, पुन्हा चढे. संशोधकांनी बसमधून हिंडून ह्या पायऱ्या मोजल्या, तेव्हा वाहक एका दिवसात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढतो असे आढळले. दोघांचे मालक एक, रस्ता एक, धूर एक, वेतनातही मोठी तफावत नव्हती. तरीसुद्धा हृदयविकाराचे प्रमाण चालकांत अधिक दिसले. आणि तो झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मृत्यू येण्याचे प्रमाणही चालकांतच अधिक होते. पुढे टपालखात्यातही तेच दिसून आले. पायी किंवा सायकलीवरून पत्रे वाटणारे पोस्टमन, त्याच खात्यातील बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा व टेलिफोनवर बसणाऱ्यांपेक्षा ह्या विकारापासून अधिक सुरक्षित होते.

शिक्षकाने येथे थोडे थांबून शंका काढावी. शंका काढणे हा त्याचा धर्मच आहे. चालकाचे काम ताणाचे असते, त्याचा हा परिणाम नसेल कशावरून? किंवा मुळातच स्थूल प्रकृतीची माणसे चालकाचे काम पत्करीत असतील तर? मॉरिसनेही ह्या शंका टाळल्या नाहीत. दुसऱ्या शंकेसाठी त्याने वाहतूक खात्याकडील गणवेशांची मापे मिळविली. कमरेच्या मापांची तुलना केली तेव्हा, चालकांच्या विजारी वाहकांच्या विजारींपेक्षा खरोखरच मोठ्या निघाल्या, आणि तरुण वयातील चालकांतही हा फरक दिसून आला. म्हणजे ह्या शंकेत तथ्य होते, आणि १९५६ मध्ये ते त्याने स्वतःच प्रसिद्ध केले. आपल्या सिद्धांताला बाधक ठरणारा पुरावा शिंप्याच्या मापवहीतून शोधून काढणारा संशोधक विरळाच. म्हणूनच त्याच्या उरलेल्या निष्कर्षांवर विश्वास बसतो.

त्यानंतर त्याने अशा माणसांकडे मोर्चा वळविला की ज्यांची कामे सारखीच बैठी होती: ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्यांतील मध्यमवयीन अधिकारी. अशा सुमारे सतरा हजार पुरुषांनी आदल्या शुक्रवारी व शनिवारी काय काय केले ते सोमवारी सकाळी लिहून दिले. काही वर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवल्यानंतर १९७३ मध्ये असे जाहीर झाले की, फावल्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार होण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी होते. मॉरिस स्वतः उतारवयातही नेमाने पोहत असे, आणि २००९ मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी वारला. अर्थात् एका माणसाच्या दीर्घायुष्याने काही सिद्ध होत नाही.

आता, बसलेल्या शरीरात नेमके काय बिघडते? हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते; पण ते परत वर चढविण्याचे काम पुष्कळसे पोटरीच्या स्नायूंकडे असते. पाऊल उचलले की हे स्नायू आवळतात, त्यांच्यामधील नीला दाबल्या जातात, आणि नीलांतील झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेने सरकते. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसले की ही पिचकारी बंद पडते. १९४० साली लंडनवर हवाई हल्ले होत असताना आश्रयस्थानांत घडीच्या खुर्च्यांवर बसून रात्र काढणाऱ्यांपैकी काही जण अकस्मात् मृत्यू पावले. पायांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊन अडकली होती. खुर्चीची पुढची लाकडी कड मांडीखाली रुतत असे, आणि माणसे रात्रभर हलत नसत. नित्याच्या कचेरीत असे टोक गाठले जात नाही हे खरे. परंतु सायंकाळी पावले जड होणे, चपलेचा पट्टा घट्ट वाटणे, ही त्याच गोष्टीची सौम्य रूपे होत.

दुसरी गोष्ट साखरेची. मांडीचे व नितंबाचे स्नायू हे शरीरातील सर्वांत मोठे. ते आकुंचन पावू लागले की रक्तातील साखर आपल्याकडे ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. जेवून उठल्याबरोबर पुन्हा खुर्चीत बसणाऱ्याचे हे मोठे गिऱ्हाईकच दुकानाकडे फिरकत नाही, आणि जेवणातून आलेली साखर रक्तात रेंगाळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींहून अधिक काढली आहे. हा रोग शहरातील सुखवस्तूंचाच, असे आता कोणत्याही खेड्यात म्हणता येत नाही.

महाराष्ट्राला व्यायाम नवा नाही. येथे गावोगाव तालमी होत्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा जन्मभर प्रसार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांतून ते सुरू केले. त्यामुळे सकाळी नमस्कार घातले की दिवसाचा हिशेब चुकता झाला, अशी समजूत येथे सहज रुजली. ती चुकीची आहे असे म्हणता येत नाही. मात्र तिची किंमत पुष्कळांच्या अंदाजापेक्षा मोठी आहे. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यावरून असे दिसले की, दिवसाचे आठ-आठ तास बसल्याने वाढणारा मृत्यूचा धोका पुसून टाकावयाचा तर रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम लागतो. ज्याला तो जमतो त्याने अवश्य करावा. पण जी शिक्षिका पहाटे उठून घरचा स्वयंपाक आटोपते, मुलांचे डबे भरते, एस. टी.च्या वेळेला धावते आणि सायंकाळी परतल्यावर पुन्हा चुलीपुढे उभी राहते, तिला ‘रोज सव्वा तास काढा’ हा उपदेश म्हणजे थट्टाच वाटावयाची.

तिच्यासाठी, आणि बहुतेक सर्वांसाठी, दुसरी वाट आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ साली १९ स्थूल व्यक्तींवर एक चाचणी झाली. गोड पेय पिऊन त्या एके दिवशी पाच तास सलग बसून राहिल्या; दुसऱ्या एका दिवशी मात्र दर वीस मिनिटांनी उठून दोनच मिनिटे सावकाश चालल्या. त्या दिवशी पेयानंतर रक्तात चढणारी साखर सुमारे चतुर्थांशाने कमी भरली. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे अशाच एका लहान चाचणीत निरनिराळे अंतर ठेवून पाहिले. तीत दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे चालणे सर्वांत गुणकारी ठरले. दर तासाला एकच मिनिट चालल्याने साखर हटली नाही, रक्तदाब मात्र थोडा उतरला. माणसे थोडी आहेत आणि काळ थोडा आहे, हे लक्षात ठेवूनच ह्या चाचण्यांकडे पाहावे. पण त्यांचा कल एकाच दिशेने आहे. टांझानियातील हाड्झा हे शिकारीवर व कंदमुळांवर जगणारे लोकही दिवसातील नऊ-दहा तास बसून असतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. मात्र ते पुष्कळ वेळा उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, आणि त्या बसण्यात पायांचे स्नायू जागे राहतात. खुर्ची त्यांना पूर्ण झोपविते.

अर्ध्या तासाने पाच मिनिटे! हे अंतर शिक्षकाला ओळखीचे नाही काय? शाळेची तासिका साधारण एवढीच असते. तासिका संपते, घंटा होते, वही मिटते, कोणी पाणी पिण्यास जातो, कोणी उगाचच दारापर्यंत जाऊन येतो. लहान मुलाचे लक्ष व शरीर एका जागी फार वेळ राहत नाही, हे जाणून शाळेने दिवसाचे तुकडे पाडले. कचेरीने ते पाडले नाहीत. कचेरीला भिंतीवरचे घड्याळ आहे, घंटा नाही. आणि गंमत अशी की, मुलांसाठी दिवसातून आठ वेळा घंटा देवविणारा शिक्षक स्वतः नोंदी लिहावयास बसला की, त्याच घंटेकडे त्याचे लक्ष जात नाही.

मनाच्या निश्चयावर हे काम सोडून चालत नाही. लंडनचा वाहक रोज सकाळी ‘आज सातशे पायऱ्या चढेन’ असा संकल्प सोडून घराबाहेर पडत नसे. त्याचे कामच त्याला चढवीत असे. कामाची मांडणी अशी असावी की उठल्यावाचून ते पुढे सरकूच नये, हा त्या बसगाडीचा खरा पाठ आहे. जपानने हे आपल्या परीने साधले. तेथील टपालखात्याच्या विमा विभागाच्या पुढाकाराने १९२८ मध्ये नभोवाणीवरून सर्वांनी एकाच वेळी करावयाचे व्यायाम सुरू झाले. कल्पना अमेरिकेतील एका विमा कंपनीची. विमेदार अधिक वर्षे जगावेत ह्यात विमावाल्यांचा स्वार्थ होताच. युद्धकाळात त्या व्यायामाला लष्करी शिस्तीचे वळण लागले आणि पराभवानंतर तो बंद पडला. १९५१ मध्ये नवी, सुमारे तीन मिनिटांची मांडणी करून तो पुन्हा सुरू झाला, आणि आजही तेथील अनेक कारखान्यांत व कचेऱ्यांत पियानोच्या सुरांवर केला जातो. तीन मिनिटे ही दिवसभराची बेगमी नव्हे. पण सारेच एकदम उठले म्हणजे उठणारा कोणी कामचुकार ठरत नाही, हा त्यातील खरा लाभ आहे.

शाळेत अशी मांडणी बिनखर्चाची आहे. वह्या तपासण्याचेच उदाहरण घ्यावे. पुष्कळ वर्गांत गुरुजी खुर्चीवर असतात आणि मुले वह्या घेऊन मेजाभोवती रांग लावतात. धक्काबुक्की होते, मागचा पुढच्याची वेणी ओढतो. गुरुजी लाल पेन घेऊन मुलांच्या जागी गेले, प्रत्येकापाशी क्षणभर वाकले किंवा खाली बसले, तर तीस मुलांच्या वर्गात तीस वेळा बसणे-उठणे आपोआप होते. शिवाय मूल चुकते ते नेमके कोठे, हेही त्याच्या शेजारी बसून अधिक चांगले दिसते. ‘अरे, कपाटातून ती वही आण’ ही हाक मुलाला धावडविते आणि गुरुजींना बसविते. ती वही गुरुजींनीच आणावी. नोंदवह्या हाताशी ठेवण्याची सोयही जरा गैरसोयीची करावी: चालू वही मेजावर, बाकीच्या पलीकडच्या भिंतीपाशी. पिण्याचे पाणी टेबलावरील बाटलीत न ठेवता माठातूनच घ्यावे. दूरध्वनीवर बोलावयाचे ते व्हरांड्यात चालत बोलावे. उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा खिडकीच्या रुंद कठड्यावर ठेवून उभ्याने तपासावा, पुढचा बसून. दिवसभर उभेच राहणे हाही उपाय नव्हे. फळ्यासमोर उभे राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेले शिक्षक प्रत्येक केंद्रात आढळतील. बसणे आणि उभे राहणे ह्यांची आलटापालट हवी.

मुलांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंग घाम येईपर्यंत हलवावयास मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. शाळेत मात्र गणित मागे पडले की पहिली कुऱ्हाड खेळाच्या तासावर येते. त्याहून विचित्र प्रकार उठाबशांचा. मांड्यांच्या स्नायूंना इतका उत्तम व्यायाम दुसरा क्वचितच असेल, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याची ओळख मुलांना करून दिली गेली ती शिक्षा म्हणून! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस बंदी केली. पण उठाबशा म्हणजे अपमान ही आठवण मोठ्या माणसांच्या मनातून अजून गेलेली नाही. कदाचित् म्हणूनच चारचौघांत दोन उठाबशा काढावयास शिक्षकही लाजतात. मुलांबरोबर हसतखेळत काढल्या तर ही लाज एका आठवड्यात मोडेल.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उठाबशांच्या भरीस पडू नये. मेजाला धरून टाचा उचलणे आणि टेकणे एवढेही पोटरीला पुरे होते. ज्यांना उभे राहणेच शक्य नाही त्यांनी हात, खांदे व धड हलवावे. स्नायू कोणताही असो, तो जागा झाला म्हणजे झाले. हृदयविकार असलेल्यांनी किंवा चालताना छाती भरून येणाऱ्यांनी मात्र आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे.

राहिला प्रश्न घंटेचा. शाळा भरलेली असते तोवर घंटा आहे, आणि ती झाली की नोंदी लिहिणाऱ्यानेही लेखणी खाली ठेवून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन यावे, एवढा नियम मुख्याध्यापकांनी स्वतःपासून सुरू केला तरी पुरे. पण खरी लांब बैठक शाळा सुटल्यानंतरची. मुले गेलेली असतात, खोली शांत असते, आणि उद्याच्या आत माहिती पाठवावयाची असते. अशा वेळी खिशातील मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावावा. मात्र तो मेजावर ठेवू नये. मेजावर ठेवला तर बोट लावून तो बंद करण्यात येतो आणि लिहिणे चालूच राहते. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फळ्याच्या कडेवर खडूंशेजारी ठेवावा. निदान तो बंद करण्यासाठी तरी उठावेच लागते.